तूळीतलं बाळ आणि भिंतीवरचा कॅमेरा

तूळीत झोपलेलं बाळ कॅमेऱ्याला दिसत नाही. तंजावरच्या घरात हा अडथळा पहिल्याच दिवशी येतो. छताच्या कडीला जुनी सुती साडी दुहेरी करून बांधलेली, तिच्या पोटात बाळ, आणि वजनानं साडीचे दोन्ही काठ वरून आपोआप मिटलेले. आपल्याकडची झोळीच ही. कावेरीच्या खोऱ्यातली बाळं पिढ्यान्‌पिढ्या यात झोपत आली आहेत, आणि व्यंकोजीराजांच्या काळापासून तिथं स्थायिक झालेल्या मराठी घरांतलीही. आता त्या घरातला मुलगा चेन्नईत किंवा बंगळुरात नोकरीला असतो. बारशाला येताना तो कॅमेरा घेऊन येतो, भिंतीवर लावतो, फोनवर चित्र उघडतो आणि त्याला दिसतो फक्त साडीचा एक गाठोड्यासारखा फुगवटा.

खोक्यावर लिहिलेलं असतं की हा कॅमेरा बाळाच्या झोपेवर, रडण्यावर, आणि किंमत जरा जास्त असेल तर श्वासावरही लक्ष ठेवतो. यातलं काय खरं आणि कुठवर खरं, हे कळायला कॅमेरा नक्की काय पाहतो तिथपासून सुरुवात करावी लागते.

अंधारापासून सुरू करू, कारण बाळाची झोप बहुतेक अंधारात होते. कॅमेऱ्यातली सिलिकॉनची चकती आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त पाहते. आपली नजर साधारण ७०० नॅनोमीटर लांबीच्या लाल प्रकाशाशी थांबते. सिलिकॉन पुढच्या अवरक्त प्रकाशात जवळजवळ १००० पर्यंत पाहतं. दिवसा हा जादा प्रकाश रंग बिघडवतो, म्हणून भिंगामागे तो अडवणारी एक काच असते. अंधार पडला की कॅमेऱ्यातून ‘टक्‌’ असा बारीक आवाज येतो. ती काच बाजूला सरकल्याचा तो आवाज. त्याच वेळी भिंगाभोवतीचे छोटे अवरक्त दिवे लागतात. हे दिवे ८५० नॅनोमीटरचे असतील तर अंधारात मंद लाल ठिपके दिसतात. ९४० चे असतील तर काहीच दिसत नाही, पण सिलिकॉनलाही तो प्रकाश कमी जाणवतो, त्यामुळे चित्र जास्त दाणेदार येतं. चित्र दोन्हींत करडंच. रात्रीच्या चित्रात रंग नसतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. ओठ निळे पडले, अंग पिवळं दिसलं, तरी त्या चित्रात ते उमटणार नाही.

आता श्वास. साध्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे १९२० ठिपके असतात. दीड मीटर रुंदीचं अंथरूण त्यात बसवलं तर एका ठिपक्याच्या वाट्याला सुमारे पाऊण मिलिमीटर जागा येते. तान्ह्या बाळाचं पोट श्वासागणिक काही मिलिमीटरच वरखाली होतं, म्हणजे चित्रात चार-दोन ठिपक्यांची हालचाल. कॅमेरा तिरका लागला असेल तर तेवढीही नाही. यंत्र त्या पोटाकडे आपल्यासारखं टक लावून बघत नाही. झबल्याच्या चुण्या, दुपट्याची कड, त्यावरची नक्षी अशा शेकडो ठिपक्यांचा उजेड किंचित वाढतो, किंचित कमी होतो. यंत्र त्या सगळ्यांची बेरीज मांडतं. मग मिनिटाला साधारण २० ते ७० वेळा होणारे चढउतार तेवढे ठेवतं आणि बाकीचे गाळतं. उरलेली लाट म्हणजे श्वास, असं ते धरून चालतं. ‘धरून चालतं’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो आहे.

२०१२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी हे तत्त्व फार देखण्या रीतीनं दाखवलं. साध्या चित्रफितीतले डोळ्यांना न जाणवणारे बदल गणितानं कैक पटींनी मोठे करायचे. मग झोपलेल्या बाळाचा श्वास ठळक दिसू लागतो, चेहऱ्यावर नाडीच्या ठोक्याबरोबर पसरणारी लालीही दिसते. घरगुती कॅमेऱ्यांचे बरेच दावे याच घराण्यातले आहेत. नॅनिट नावाच्या कंपनीनं अडचण ओळखून वेगळी युक्ती केली. बाळाच्या छातीभोवती ठळक नक्षीचा कापडी पट्टा बांधायचा आणि कॅमेऱ्यानं त्या नक्षीचीच हालचाल मोजायची. पट्ट्यात वीज नाही, तार नाही. यंत्राला नेमकं कुठं पाहायचं हे सांगण्यापुरतं ते कापड.

श्वास मोजून आजार ओळखायचं काम महाराष्ट्रात याहून कितीतरी आधी, विजेशिवाय झालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या आरोग्यसेविकांसाठी श्वासमापक बनवला. एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनियाची शंका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी एक रांग, मोठ्यांसाठी दुसरी, कारण मर्यादा वेगळ्या: दोन महिन्यांपर्यंत मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद, त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा जास्त. साठपर्यंत मोजता न येणाऱ्या बाईलाही हे जमत असे. याच संस्थेच्या घरोघरच्या नवजात बालसेवेचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे देशभरच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या कामात ती पद्धत उतरली. मला त्या मण्यांत एक गोष्ट कॅमेऱ्यापेक्षा सरस वाटते. मोजणारी बाई बाळाचं झबलं वर करून, ते शांत असताना, उघड्या पोटाकडे बघत मोजते. तिला ‘धरून चालावं’ लागत नाही.

आता पुन्हा तूळीकडे, कारण खरी गंमत आणि खरा धोका तिथं आहे. लंबकाचं शाळेतलं सूत्र आठवा: झोक्याला लागणारा वेळ दोरीच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. कडीपासून बाळापर्यंत एक मीटर अंतर असेल तर एका पूर्ण झोक्याला दोन सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला ३० झोके. दीड मीटरला साधारण २४. उंच छताच्या जुन्या घरात, दोन मीटरला, २१. आणि बाळाचा श्वास? नवजात बाळाचा मिनिटाला ३० ते ६०, वर्षाच्या बाळाचा झोपेत वीस-तिसाच्या आसपास. झोका आणि श्वास एकाच पट्ट्यात येतात. वरखाली होणारी लाट शोधणाऱ्या यंत्राला झोक्याची लाट श्वासाच्या लाटेच्या कितीतरी पट मोठी दिसते. चांगलं यंत्र इतकी मोठी हालचाल पाहून ‘मोजता येत नाही’ असं कबूल करतं. साधं यंत्र बिनदिक्कत ‘२४ श्वास’ लिहून मोकळं होतं. पाळण्यात बाळ आहे की उशी, यानं त्या आकड्यात फरक पडणार नाही. तमिळनाडूत साडीच्या वर स्प्रिंग लावून वरखाली हलणारी तूळीही वापरतात, तिचंही हेच.

अडचण आणखी एक, आणि ती छताला लटकलेली. पंखा. तंजावरात पंख्याशिवाय बाळ झोपत नाही. पंख्याच्या वाऱ्यानं साडीचे काठ फडफडतात हे तर झालंच. पण वर ट्यूबलाइट आणि खाली पंखा अशी रचना असेल तर पात्यांच्या सावल्याही अंथरुणावर पडतात. कॅमेरा सेकंदाला १५ चित्रं घेतो असं समजा. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला २९० फेरे घेत असेल तर एकाच जागी सेकंदाला साडेचौदा वेळा सावली पडते. कॅमेऱ्याच्या वेगाशी ही संख्या जेमतेम जुळत नाही, त्यामुळे प्रत्येक चित्रात सावली जराशी मागे राहते आणि दोन सेकंदांत तिच्या जागी पुढच्या पात्याची सावली येते. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ते याच कारणानं. यंत्राला दिसतं काय, तर अंथरूण मिनिटाला ३० वेळा उजळतंय आणि मंदावतंय. पुन्हा तोच पट्टा! रेग्युलेटर एक घर पुढे सरकवला की हा ‘श्वास’ बदलतो. कॅमेरा नवा असताना घरच्यांनी एकदा रिकाम्या अंथरुणावर, पंखा चालू ठेवून, ही परीक्षा घेऊन पाहावी. रिकाम्या अंथरुणाला श्वास येत असेल तर पुढचं बोलायलाच नको.

उष्णतेचा कॅमेरा वापरला तर? तो नाकपुडीजवळची गरम-थंड हवा ओळखतो. श्वास आत घेताना नाक थंड होतं, सोडताना गरम. पण सोडलेली हवा असते साधारण ३४ अंशांची, आणि मे महिन्यात तंजावरची दुपार ३७-३८ च्या घरात जाते. खोलीच तेवढी तापली की फरकच उरत नाही. रडारचे लहरी-संवेदक कापडातून आरपार पाहतात, त्यामुळे तूळीतल्या बाळाची छाती त्यांना सापडते, झोक्याचा गोंधळ मात्र तसाच राहतो.

नाडीचं प्रकरण वेगळं आहे आणि जास्त नाजूक. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कातडीखाली थोडं जास्त रक्त येतं. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून त्या क्षणी त्वचेवरून परत येणारा हिरवा प्रकाश किंचित घटतो. २००८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की साधा कॅमेरा आणि खोलीतला उजेड एवढ्यावर ही घट मोजता येते. ऑक्सफर्डच्या चमूनं पुढे नवजात अतिदक्षता विभागात अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर तेच करून पाहिलं. तिथं प्रकाश पुरेसा असतो, बाळ उघडं आणि बरंचसं स्थिर असतं, शेजारी खरा मॉनिटर असतो. घरात यातलं काहीच नसतं. शिवाय सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हिरवा प्रकाश आधीच शोषून घेतं, त्यामुळे मुळात बारीक असलेला संकेत आणखी बारीक होतो. कावेरीकाठच्या बाळांसाठी ही तळटीप पानाच्या मधोमध यायला हवी. रात्रीच्या अवरक्त उजेडात हिमोग्लोबिनचा तो हिरव्या प्रकाशातला जोर राहत नाही. आणि रक्तातला प्राणवायू मोजायला लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश अंगातून आरपार किंवा अंगाला लागून जावे लागतात. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलेल्या पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व हेच. दूर भिंतीवरचा कॅमेरा ऑक्सिजन सांगतो असं कोणी म्हणालं, तर कशावरून, हे विचारावं.

रंगाचा विषय निघाला आहे तर तंजावरची एक गोष्ट सांगायलाच हवी. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या जात, आणि त्यासोबत रोग्याच्या डोळ्यांची हातानं काढलेली रंगीत चित्रं असत. डोळ्याची लाली किती, पडदा कुठवर आला, हे शब्दांत सांगण्यापेक्षा रंगवून ठेवलेलं बरं, हे तिथल्या वैद्यांना कळलं होतं. सरस्वती महाल ग्रंथालयानं या नोंदी जपल्या आहेत. बाळाच्या काविळीचं तसंच आहे: सगळा पुरावा रंगात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात फोनच्या कॅमेऱ्यानं काविळीचा अंदाज घेण्याचं तंत्र बनवलं, त्यात बाळाच्या अंगावर रंगांचे चौकोन असलेलं कार्ड ठेवावं लागतं. कारण खोलीतल्या दिव्याचा पिवळेपणा आणि बाळाचा पिवळेपणा कॅमेऱ्याला वेगळा करता येत नाही. भिंतीवरच्या कॅमेऱ्यासमोर असं कार्ड नसतं. म्हणून काविळीचा निकाल त्याच्याकडे मागू नये, दिवसाच्या उजेडात बाळाला खिडकीशी न्यावं, आणि शंका आली तर रक्ताची तपासणी करावी.

झोपेच्या आलेखाबद्दल थोडक्यात. यंत्र हालचालीवरून झोप ठरवतं: हलतंय ते जागं, स्थिर ते झोपलेलं. मोठ्या मुलांना हे बरंचसं लागू पडतं. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप मात्र चळवळी असते. ते झोपेत दचकतं, तोंड वेडंवाकडं करतं, हात फेकतं, कुंथतं, हसतंही. कॅमेरा ‘बाळ उठलं’ असं कळवतो, आई धावत येऊन उचलते आणि खरोखर झोपलेल्या बाळाला उठवते. रडणं ओळखायला मायक्रोफोन चित्रापेक्षा भरवशाचा आहे. तमिळ पंचांगातल्या मार्गळी महिन्यात मात्र पहाटे देवळाचे भोंगे सुरू झाले की त्याचीही कसोटी लागते.

बाळावर दुरून लक्ष ठेवायची हौस जुनी आहे. १९३२ च्या लिंडबर्ग अपहरणानंतर, १९३७ मध्ये अमेरिकेच्या झेनिथ कंपनीनं ‘रेडिओ नर्स’ हे आवाज ऐकवणारं यंत्र काढलं. त्याचा आकार इसामू नोगुची या शिल्पकारानं घडवला होता. श्वासावर पाळत ठेवण्याचं मूळ मात्र १९७२ च्या एका वैद्यकीय लेखात आहे. झोपेत श्वास थांबून बाळं अचानक दगावतात आणि हा दोष घराण्यात चालतो, असं त्यात एका कुटुंबाच्या आधारे मांडलं होतं. त्यावर घरगुती श्वासयंत्रांचा मोठा धंदा उभा राहिला. १९९५ मध्ये त्या कुटुंबातल्या आईला तिच्या पाचही मुलांच्या खुनाबद्दल दोषी ठरवण्यात आलं. २००१ मध्ये १,०७९ बाळांच्या अभ्यासात दिसलं की यंत्रं ज्यावर ओरडतात तसे श्वासातले खंड पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळांनाही येतात. तान्ह्या बाळाचा श्वास पाच-दहा सेकंद थांबतो आणि पुन्हा भरभर सुरू होतो. त्यात काही बिघडलेलं नसतं. वीस सेकंद किंवा जास्त थांबला तर ती दखल घ्यायची गोष्ट. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ च्या सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की अचानक मृत्यू टाळण्यासाठी अशा घरगुती यंत्रांवर विसंबू नये. बाळाला उताणं, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, आईबापांच्याच खोलीत झोपवावं. पायमोज्यातून ऑक्सिजन मोजणाऱ्या आउलेट कंपनीला तिथल्या औषध प्रशासनानं २०२१ मध्ये ताकीद दिली. विक्री थांबली, आणि २०२३ मध्ये रीतसर तपासणीनंतरच नव्या मोज्याला मंजुरी मिळाली. कॅमेरा विकत घेताना हाच प्रश्न विचारता येतो: हे वैद्यकीय उपकरण म्हणून तपासलेलं आहे, की घरातली वस्तू म्हणून विकलेलं?

सपाट अंथरूण म्हटलं की तूळीचं काय, हा वाद घरात होणारच. तूळी सपाटही नाही, घट्टही नाही, आणि लहान बाळाची हनुवटी तिच्यात छातीला टेकू शकते. आजी म्हणेल, तुम्ही सगळे यातच वाढलात. तिचं म्हणणं खोटं नाही. माझं मत असं की तूळी बाळाला निजवण्यापुरती ठेवावी, डोळा लागला की खाली सपाट गादीवर उताणं ठेवावं. यातून कॅमेऱ्याचाही प्रश्न सुटतो, कारण आता बाळ दिसतं, झोका नसतो, आणि पोट उघडं असतं.

चित्र जातं कुठं, हेही पाहायला हवं. बहुतेक स्वस्त कॅमेरे चित्र कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात आणि तिथून ते फोनवर येतं. मुलगा बंगळुरात बसून जे पाहतो ते काही सेकंद शिळं असतं. वीज गेली, राउटर बंद पडला, की सूचना येतच नाहीत, आणि फोनवर शांतता असते तेव्हा ती बाळाची आहे की वायफायची हे कळत नाही. जोडणी तुटल्याचं स्वतः कळवणारा कॅमेराच घ्यावा, राउटरला छोटी बॅटरी लावावी, कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, आणि शक्य असेल तर नोंद कॅमेऱ्यातल्या कार्डावरच ठेवावी. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागते. ती संमती आपण ॲप उघडताना न वाचता देऊन टाकतो. पाळतीचा कॅमेरा निरुपयोगी नसतो हेही खरं: ऑक्टोबर २०२१ मध्ये तंजावरच्या राजा मिरासदार सरकारी रुग्णालयातून नवजात बाळ पळवलं गेलं, तेव्हा सीसीटीव्हीच्या चित्रणावरून पोलिसांनी माग काढला आणि बाळ परत मिळालं. पण तो कॅमेरा दारावर लक्ष ठेवत होता, छातीवर नाही.

कॅमेरा लावताना तो बाळापासून आणि त्याच्या हाताच्या टप्प्यापासून किमान एक मीटर दूर असावा. तार भिंतीला चिकटवलेली असावी, कारण लोंबती तार गळ्याभोवती अडकू शकते. तूळीच्या कडीला तो कधीच अडकवू नये. वरून तिरका न लावता शक्य तितका सरळ बाजूनं, पोटाची चढउतार दिसेल असा लावावा. पहिल्या आठवड्यात रोज एकदा, बाळ शांत झोपलेलं असताना, झबलं वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत आणि यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहावेत. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नये, तान्ह्यांचा श्वास तेवढा एकसारखा नसतो. शांत बाळाचे श्वास ६० किंवा जास्त भरले तर लगेच आणखी एक मिनिट मोजावं. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, अंग थंड लागत असेल किंवा ओठ-जीभ निळसर दिसत असतील, तर फोनवर आलेख काय दाखवतो ते पाहत बसू नये. १०८ ला फोन लावावा आणि बाळाला राजा मिरासदारच्या बालविभागात न्यावं. वाटेत त्याला आईच्या उघड्या छातीशी, ऊब राहील असं धरावं.